काटा थांबेपर्यंत

वजनकाट्याच्या झोळीत ठेवलेलं मूल पहिल्या क्षणी कधीच रडत नाही. पाय जमिनीवरून सुटतात आणि ते एकदम गप्प होतं, पाण्यात अलगद सोडल्यासारखं. डोळे मोठे करून वर आढ्याकडं बघतं. मग त्याच्या लक्षात येतं की आई खाली राहिली. ते हातपाय झाडायला लागतं आणि वरच्या तबकडीतला काटा वेड्यासारखा नाचतो. अशा वेळी काही करायचं नसतं. थांबायचं असतं. मूल दमतं, झोळी स्थिर होते, काटा एकदाचा कुठंतरी टेकतो. तोपर्यंत वाचायचं नाही.

हे मला शिकवलं एका अंगणवाडीच्या ताईनं. पळसदेवच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याला लागून एक वस्ती आहे, तिथली ती सेविका. मी तिची वरिष्ठ. मुख्यसेविका म्हणतात आमच्या पदाला. पंचवीस अंगणवाड्या माझ्याकडं होत्या. मुलांची वजनं बरोबर घेतली जातात का, आहार पोचतो का, नोंदी खऱ्या आहेत का, यावर नजर ठेवणं हे माझं काम. माझ्यावर नजर ठेवायला तालुक्याचे साहेब, साहेबांवर जिल्हा, आणि जिल्ह्यावर राज्याचं पथक. एकावर एक अशा इतक्या नजरा होत्या, आणि सगळ्यात खाली झोळीत एक मूल. आता वाटतं, खरं बघणारी त्या सगळ्या उतरंडीत एकटी ताईच होती.

मी बारामतीत राहायची. सकाळची एसटी भिगवणपर्यंत, तिथून सोलापूर रस्त्यानं मिळेल ते वाहन. हिवाळ्यात पाण्यावर धुकं इतकं दाट असायचं की वस्तीकडं चालत जाताना आपण जमिनीवर आहोत की नाही हेच कळायचं नाही. धुक्याच्या आत कुठंतरी पक्षी बोलायचे. एखादी होडी नुसत्या आवाजाची असायची, वल्ह्याचा चपक चपक, आणि मग अचानक एक माणूस पाण्यावर उभा दिसायचा, कमरेपर्यंतच. त्या वाटेनं मी तीन वर्षं गेले. कंटाळले होते. बारामती तालुक्यात बदली मिळावी म्हणून अर्ज दिला होता. सासूबाई अंथरुणाला आहेत असं कारण लिहिलं होतं. सासूबाई ठणठणीत होत्या, दुपारी शेजारणीबरोबर पत्ते खेळायच्या आणि पत्ते लपवायच्याही. मला फक्त तो रोजचा प्रवास नको झाला होता. एवढंच.

त्या हिवाळ्यात साहेबांनी आम्हा सगळ्या मुख्यसेविकांना बोलावलं. म्हणाले, "राज्याचं पथक येतंय. ज्या गावात लाल मूल दाखवलंय, तिथं ते थेट जाणार. दप्तर, स्वयंपाक, सगळं बघणार." लाल म्हणजे वयाच्या मानानं फारच कमी वजनाचं मूल. त्याच्यासाठी दिवसातून बऱ्याच वेळा वेगळं खाणं, डॉक्टरांची तपासणी, रोजचं वजन, असं सगळं सुरू करावं लागतं. पिवळं म्हणजे कमी, पण काळजी घेऊन चालेल असं. साहेबांनी यादीवर बोट फिरवलं आणि माझ्या नावापाशी थांबले.

"तुमच्याकडं एकच लाल आहे."

"हो सर."

"एकच आहे ना. परत मोजून बघा."

आमच्या खात्यात हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. खोटं लिहा असं कोणी कोणाला सांगत नाही. परत मोजून बघा, एवढंच म्हणतात, आणि तेही काळजीच्या सुरात. खोलीतून बाहेर पडताना त्यांनी माझ्या बदलीच्या अर्जाचा विषय काढला. "पथक जाऊ दे, मग बघतो तुमचं." दोन्ही वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी वस्तीवर गेले. मूल म्हणजे एक मुलगी होती, दोन वर्षांची, मासे धरणाऱ्या घरातली. आई तिला घेऊन आली तेव्हा तिच्या अंगात जाड लोकरी स्वेटर होता, डोक्यावर कानटोपी, कमरेला करदोटा. ताईनं नेहमीसारखे चुलीवर हात शेकले आणि तिचा स्वेटर काढायला लागली. थंड हातांनी मुलाला हात लावायचा नाही, असा तिचा नियम.

मी म्हणाले, "ताई, राहू द्या. थंडी आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मॅडम, सोयटरचं वजान धरायचं व्हय?"

"पोर गारठेल."

आई लगेच म्हणाली, "व्हय वो ताई, नाकातनं पाणी येतंय तिच्या सकाळधरनं."

ताईनं हात मागं घेतला. मुलगी स्वेटरसकट झोळीत गेली. क्षणभर गप्प झाली, आढ्याकडं बघितलं आणि मग पाय झाडायला लागली. काटा वर गेला, खाली आला, वर गेला. तबकडीवरचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर पाण्यातल्या दगडांसारखे हलत होते. मी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागले. पुसता पुसताच म्हणाले, "आठ दोनशे. लिहा."

"काटा थांबू द्या की मॅडम."

"दिसतंय की. आठ दोनशे. पिवळी."

ताई झोळीपाशीच उभी राहिली. मी वहीकडं वळले, पेन काढून तिच्यापुढं धरलं. तिनं मुलीला आधी उतरवलं, आईच्या हातात दिलं, मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं. त्या महिन्याच्या सुरुवातीला तिनंच त्याच वहीत सात किलो नऊशे लिहिलेलं होतं. आठ दिवसांत तीनशे ग्रॅम. वरून कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बघा, आहार लागू पडला.

पथक आलं. आमच्याकडं लाल मूल नसल्यानं ते दुसऱ्या गावांना गेलं. त्या दिवशी मी वस्तीवरून परत येताना धुकं निवळलं होतं आणि पाणी इतकं निळं, इतकं निवांत होतं की मला झोप यायला लागली. एसटीत खिडकीला डोकं टेकवून मी भिगवणपासून बारामतीपर्यंत गाढ झोपले. तशी झोप मला पुन्हा लागली नाही, असं लिहावंसं वाटतं. पण ते खरं नाही. लागली. बरेच दिवस चांगली लागली.

मुलगी पिवळी झाल्यामुळं तिला ते वेगळं खाणं मिळालं नाही, तपासणीही झाली नाही. ताई आपल्या घरून तिच्यासाठी अंडं, शेंगदाण्याचा लाडू असं काहीबाही न्यायची, हे मला नंतर कळलं. दोन महिन्यांनी मुलीला ताप आला, छाती भरली. सरकारी दवाखान्यात तिला ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी वजन केलं, ते आमच्या वहीशी जुळेना, आणि त्यांनी वर कळवलं. त्यांनी कळवलं नसतं तर हे कधीच कोणाला कळलं नसतं. मुलगी वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कोणी तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसू नये. ती वाचली, पण उंचीत मागं पडली ती पडलीच.

चौकशीला राज्याच्या पथकातल्या एक बाई आल्या. फार सभ्य. चपला बाहेर काढून आत आल्या, मुलांच्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. वही उघडली. दोन आकड्यांवर दोन बोटं ठेवली आणि विचारलं, "वजन कोणी घेतलं?"

ताईनं माझ्याकडं बघितलं.

किती वेळ बघितलं असेल? मला तरी वाटतं, बाहेरच्या पिंपळाची सावली हलली असेल. तिच्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. काटा थांबायची वाट बघताना ती जशी बघायची, तशी बघत होती. मी माझ्या हातातल्या पर्सची चेन लावली. ती आधीच लावलेली होती.

मग ताई म्हणाली, "लिवलंय म्या."

तेवढंच म्हणाली. ते खरंही होतं. बाईंनी मान हलवली आणि टिपून घेतलं.

खालून वर जाणारा अहवाल मुख्यसेविकेनं लिहायचा असतो. मी लिहिला. "नोंद घेताना सेविकेकडून दुर्लक्ष झाल्याचे दिसून येते." कोणाला दिसून येते, ते कुणी विचारत नाही. महिनाभरात ताईला काढून टाकलं. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. ती चार दिवस तिथं होती असं म्हणतात. मी बघायला गेले नाही. पावसाळ्याआधी माझी बदली झाली, बारामती तालुक्यात, सांगवीच्या बाजूच्या अंगणवाड्या मिळाल्या. घरापासून स्कूटरनं जाता येईल इतक्या जवळ. सासूबाईंनी पेढे वाटले.

तिथं मला दुपारी डुलकी लागायची. अंगणवाडीची मुलं झोपली, की सेविका आणि मी भिंतीला टेकून बसायचो. बाहेर उसाला पाणी सुटलेलं असायचं, आणि त्या पाण्याच्या आवाजात माझे डोळे मिटायचे. मग मला झोळी दिसायची. ती छताला नाही, धुक्याला टांगलेली असायची. खाली उजनीचं सगळं पाणी. झोळीत कधी ती मुलगी, कधी माझीच थोरली लहानपणची, आणि एकदा तर सासूबाई, पत्ते घेऊन बसलेल्या. भीती वाटायची नाही. उलट फार शांत वाटायचं. झोळी हलत राहायची आणि मी काटा बघायला चष्मा शोधत राहायची. तो पदरात असायचा, आणि पदर पाण्यात. जाग यायची तेव्हा समोरची सेविका म्हणायची, "मॅडम, झोपंत हसताय तुमी."

सहा वर्षं गेली. आता मुलांच्या नोंदी मोबाईलवर होतात, बऱ्याच ठिकाणी आकड्यांचे काटे आलेत. तरी झोळीचा काटा अजून काही अंगणवाड्यांत आहे. या उन्हाळ्यात नव्या सेविकांना वजन कसं घ्यायचं ते दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मुलाऐवजी झोळीत तांदळाची पिशवी ठेवली होती. मी म्हणाले, "काटा थांबेपर्यंत वाचायचं नाही."

पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "मॅडम, पोर रडत आसंल तर?"

"थांबायचं."

"लईच रडायला लागलं तर?"

"तरी थांबायचं."

"आन मागनं सायबच घाई करत आसंल तर?"

सगळ्या हसल्या. पिशवी हलकेच हेलकावत होती, आणि मला पुढचं वाक्य आठवेना. मी पाणी प्यायले. चष्मा पुसायला काढला आणि तो हातात असतानाच मला कळलं की मी काय करतेय. तसाच परत घातला.

त्याच आठवड्यात मी पळसदेवला गेले. कोणाला सांगितलं नाही, घरी प्रशिक्षण आहे म्हणाले. उजनीचं पाणी खूप खाली गेलं होतं. एरवी जिथं नुसतं निळं असतं तिथं जुन्या देवळाचं शिखर वर आलेलं, आणि खालचे दगड ओल्या गाळात, नुकतेच झोपेतून उठल्यासारखे. काठाची माती भेगाळलेली. त्या मातीवरून चालताना वाटत होतं, आपण पाण्याच्या तळातूनच चाललोय आणि पाणी वर कुठंतरी आहे, अजून आलेलं नाही.

ताई कुठं असते ते मी आधीच शोधून काढलं होतं. होड्या लागतात तिथं, ताडपत्रीच्या सावलीत. तिथं आता ती मासे तोलायला बसते. वरून टांगलेला काटा, खाली पाटी, आजूबाजूला बर्फाचे खोके. केस पांढरे झाले होते. तिनं मला बघितलं, ओळखलं, आणि पुढच्या माणसाची पाटी काट्याला लावली.

तो माणूस म्हणाला, "अक्का, जरा बोट दाबा की पाटीवर. हलका भरतोय माल."

"तुझी जीब टाक पाटीत. भरंल."

"आवं काटा थांबायला किती येळ? बरफ वितळंल!"

"मग दुसरीकडं जा."

तो गेला नाही. बाकीचे हसले. शेजारी उभा असलेला एक म्हातारा मला म्हणाला, "अक्काचा काटा थांबल्याबिगर ती त्वांड उघडत न्हाय. म्हून तर समदी हितंच येत्यात. घेणाराबी आन देणाराबी."

मी उन्हात उभी राहिले. माल संपला, माणसं पांगली, तेव्हा ताईनं एक रिकामा खोका उलटा करून माझ्याकडं सरकवला.

"बसा मॅडम. वास येईल लुगड्याला."

मी बसले. सगळ्या वाटेनं वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं एकही बोलता आलं नाही. म्हणाले, "ताई, त्या दिवशी काटा थांबला नव्हता."

ती हात धूत होती. "मला म्हाईत न्हाय व्हय ते?"

"मी मुद्दाम..."

"चष्मा पुसत व्हता तुमी. बिनचष्म्याचं तुमाला समोरची भित दिसत न्हाय. आन म्हणं आठ दोनशे." ती थोडं हसली. ते हसू मला लागलं. "कशापायी केलंत?"

"बदलीसाठी."

"झाली न्हवं?"

"झाली."

"मग?"

पाण्यावर ऊन इतकं होतं की देवळाचं शिखर हलल्यासारखं दिसत होतं. मी म्हणाले, "त्या बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमच्या तोंडानं यावं म्हून थांबले व्हते." तिनं पदराला हात पुसले. "लई येळ थांबले."

मी माफी मागितली. ती तिनं ऐकून घेतली की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग ती म्हणाली, "मला नोकरी नगं आता. वयबी झालं. पर लेकीच्या सासरी अजून कायबी झालं की म्हणत्यात, तुजी आई खोटं लिवणारी. ल्योक झाला तिला, तर म्हणत्यात, आजीला तोलायला देऊ नगा. हसत हसत म्हणत्यात. म्या काय सांगू तितं जाऊन? हिथं माजी माफी मागून त्यांना काय कळनार हाय?"

"मी काय करू, सांगा."

"माजी नोटीस फळ्यावर व्हती चार दिस. तुमची लागू द्या."

माझी काही वर्षं राहिलीत नोकरीची. पेन्शन आहे. थोरलीचं लग्न ठरतंय. हे सगळं एकाच वेळी मनात आलं, आणि मी पर्सच्या चेनकडं हात नेला. तिनं तो हात बघितला. पुन्हा तीच नजर होती. या वेळी मी तिच्याकडं बघत राहिले. झोळीतलं मूल दमावं तसं माझ्या आत काहीतरी हळूहळू दमलं, आणि मी म्हणाले, "लावते."

घरी येऊन लिहिलं. एक प्रत आयुक्तालयाला टपालानं पाठवली, एक साहेबांच्या खुर्चीवर आता बसणाऱ्या नव्या साहेबांना दिली. त्यांनी वाचली आणि मला उभंच ठेवलं. म्हणाले, "सहा वर्षांनी? कोणी विचारलं होतं तुम्हाला?" मी म्हणाले, "नाही सर, कोणीच नाही." तिसरी प्रत घेऊन मी वस्तीच्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी कागद उलटसुलट करून बघितला. असा कागद फळ्यावर लावायचा की नाही, याचा नियम त्यांना सापडेना. शेवटी म्हणाले, "लावा बाई, तुमचीच सही हाय." टाचण्या मीच लावल्या.

ताई आली. बरोबर ती मुलगी होती, आता आठ वर्षांची, दिसायला सहाची, हातात एक फ्रॉक घातलेली बाहुली. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. ताईनं कागदाजवळ जाऊन बोटानं ओळ न् ओळ वाचली, ओठ हलवत. मी लिहिलं होतं, की मुलीचं खरं वजन सात किलो आठशे होतं, ते मी आठ दोनशे लिहायला लावलं, मी सेविकेवर दबाव आणला, अहवाल खोटा दिला.

तिचं बोट एका जागी थांबलं.

"आठशे न्हाय मॅडम. नऊशे."

"ताई, त्या दिवशी काटा हलत होता, आणि स्वेटर..."

"त्या दिसाचं मला ठाव न्हाय. थांबला कुठं त्यो? महिन्याच्या सुरवातीला म्याच तोललं व्हतं, कापडं काढून. नऊशे व्हतं. म्या थांबून बघितलं व्हतं. तुमी आपलं वाईट दिसावं म्हून आठशे लिवलंय व्हय?"

तसंच होतं. लिहिताना मला वाटलं होतं, आणखी शंभर ग्रॅम कमी करावेत, म्हणजे माझा गुन्हा पुरेसा जड होईल.

"खोडा," ती म्हणाली. "लावायचा तर खरा लावा."

मी टाचण्या काढल्या. कागद भिंतीवर धरून आठशे खोडलं, वर नऊशे लिहिलं, शेजारी सही केली. मुलगी माझ्या कोपराखालून वाकून बघत होती. "कुणाचं वजन हाय गं आजी?" तिनं ताईला विचारलं.

"तुजं," ताई म्हणाली, आणि कागदाचा वरचा कोपरा मला टाचणी लावता यावी म्हणून धरून उभी राहिली.